सूत गेलं, भाव राहिला

वर्गात दिवसभर उभं राहणाऱ्या बाईसाठी कुर्ता ही मिरवायची वस्तू नसते. बारा वर्षं मी एकाच ब्रँडचे सुती कुर्ते घेतले: पूर्ण बाही, खिसा, सोबत ओढणी. आता बाही आखूड, खिसा गायब, ओढणीचे पैसे वेगळे. आतलं लेबल पाहिलं तर निम्मं पॉलिएस्टर! पाण्याची बाटली ज्या प्लास्टिकची, त्याचाच हा धागा. तो घाम शोषत नाही. मे महिन्यात घालून बघा. दुकानदार म्हणतो, "मॅडम, आता हीच फॅशन आहे." फॅशन खुशाल बदला. पण सुताच्या भावात प्लास्टिक विकणं ही फॅशन नव्हे, लूट आहे. बहिणींनो, आरशात बघण्याआधी कुर्ता उलटा करा आणि लेबल वाचा.