चकाकी म्युझियमची, माती रणांगणाची

नगरचे कॅव्हलरी टँक म्युझियम पाहून आलेल्या मंडळींची मॉडेल्स अलीकडे आमच्याकडे बरीच येतात. बांधणी उत्तम, सांधे साफ, डिकलही नीट बसलेले. पण रणगाडा नुकताच गॅरेजमधून काढल्यासारखा चकाकतो आणि प्रत्येक पॅनेल लाइनमध्ये कोळशासारखी काळी रेघ भरलेली असते. चकाकी म्युझियममधून आलेली असते, काळी रेघ तयार वॉशच्या बाटलीतून. यातले काहीच मात्र खऱ्या रणगाड्याकडे पाहून केलेले नसते.

आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूलने 1994 मध्ये सुरू केलेले हे म्युझियम आपल्या छंदासाठी मोठी ठेव आहे. रोल्स-रॉईसच्या चिलखती गाडीपासून विजयंतापर्यंतची वाहने तिथे आहेत. पत्र्याची जाडी, वेल्डची शिवण, चाकांची ठेवण पाहायला यापेक्षा चांगली जागा देशात शोधूनही सापडणार नाही. मात्र उघड्यावर ऊन-पाऊस सोसणारे लोखंड गंजू नये म्हणून त्याला पुन:पुन्हा रंग द्यावा लागतो, आणि आपल्याला दिसते ती या रंगकामाची चकाकी. लढणाऱ्या रणगाड्याला चकाकी परवडत नाही. ती शत्रूला लांबून दिसते. शिवाय 1:35 प्रमाणात तीच चकाकी खेळण्यासारखी वाटते. तिथे जाऊन पाहायचे ते हवामानाने रंगाचे काय केले आहे: बोल्टच्या डोक्याखालून सुरू होऊन खाली विरत जाणारे पावसाचे ओघळ, आडव्या पत्र्याच्या कोपऱ्यात साचलेली धूळ, सतत हात लागून गुळगुळीत झालेल्या कड्या.

आता वॉश. तो निवडताना माझा पहिला प्रश्न असतो, रणगाडा कुठल्या मातीत आहे? सप्टेंबर 1965 मध्ये असल उत्तरला पॅटन अडकले ते पाणी सोडलेल्या शेतांत, म्हणजे पंजाबच्या गाळाच्या, करड्या-पिवळसर चिखलात. डिसेंबर 1971 मधल्या लोंगेवालाच्या टी-59 वर वाळू. तिथे वॉश नावापुरता आणि कोरडे पिगमेंट जास्त. त्याच महिन्यात बसंतरच्या लढाईत सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल ज्या सेंच्युरियनमधून लढले, तो ‘फामागुस्ता’ दुरुस्त होऊन नगरच्या सेंटरमध्येच जतन केला आहे. त्याचे मॉडेल करणाऱ्याने आधी ठरवावे: बसंतरच्या काठावरचा करायचा की आज जतन केलेला? दोन्ही चालतील, पण वॉश आणि व्हार्निश दोन्हीकडे वेगळे लागेल. आणि खारे कर्जुन्याच्या रेंजवर सरावाला निघालेला टी-72 करायचा असेल, तर युरोपच्या चिखलाच्या नावाची बाटली फडताळातच राहू द्या. आपली काळी माती ओली असतानाच काळी. वाळली की राखेसारखी करडी होते, आणि रस्त्याचा मुरूम तांबूस-पिवळा फुफाटा उडवतो. बर्न्ट अंबरमध्ये थोडा पांढरा आणि किंचित यलो ऑकर, एवढ्यात काम भागते. ऑइल कलर आधी पुठ्ठ्यावर काढून तासभर ठेवा. पुठ्ठा जवसाचे तेल शोषून घेतो आणि वॉश मॅट वाळतो. काळा रंग मी फक्त इंजिनच्या जाळीत भरतो.

थरांच्या क्रमाची कारणे समजली की क्रम पाठ करावा लागत नाही. ग्लॉसच्या गुळगुळीत पृष्ठावर केशाकर्षणाने वॉश रेघेत आपोआप धावतो. मॅटवर तोच पसरून डाग धरतो. मॅटवर डिकल चिकटवले तर खाली हवा अडकून रुपेरी कडा दिसतात, म्हणून ग्लॉसचा हात डिकलच्या आधी हवा, आणि डिकल झाकायला नंतरही एक. दुसरे, वरच्या थराच्या पातळकाने खालचा थर विरघळता कामा नये. टर्पेंटाइनचा वॉश वापरायचा असेल तर खाली एनॅमल व्हार्निश नको. पाण्याचे ॲक्रिलिक किंवा लॅकर हवे आणि ते रात्रभर वाळलेले हवे. हार्डवेअरच्या दुकानात टर्पेंटाइनच्या शेजारीच एन.सी. थिनरचा डबा असतो. तो ब्रश धुण्यापुरता ठीक. त्याचा वॉश केलात तर रंगासकट प्लॅस्टिकही मऊ पडेल. टर्पेंटाइनही अगदी निरुपद्रवी नाही. रंग न लागलेल्या, ताणाखाली असलेल्या सांध्यात ते साचले की प्लॅस्टिक ठिसूळ होते आणि सस्पेन्शनचे बारीक हात कटकन तुटतात. मॉडेल उलटे करून आतून वॉश निथळू द्या, साचलेला कागदाच्या टोकाने टिपा. लाकडाचे पॉलियुरेथेन स्वस्त पडते, पण ते पुढे पिवळे पडते. पांढऱ्या आकड्यांवर ते लगेच कळते.

डब्यावरच्या सूचना बहुधा थंड देशांत लिहिलेल्या असतात. मे महिन्यात नगरला पारा चाळिशीला टेकला की ॲक्रिलिक व्हार्निश नोझलपासून मॉडेलपर्यंत पोचेतो हवेतच सुकते आणि हाताला खरखर लागते. रिटार्डरचे दोन-चार थेंब, नोझल जरा जवळ आणि पहाटेची वेळ, हा त्यावरचा उपाय. पावसाळ्यात उलटा प्रकार: लॅकरचे पातळक झपाट्याने उडताना पृष्ठ थंड पडते, हवेतली वाफ त्यावर बसते आणि व्हार्निश पांढुरके होते. जामखेडच्या कोरड्या हवेत हा त्रास कमी, अकोले तालुक्याच्या घाटमाथ्यावर जुलैत लॅकरला हात न लावणेच बरे. मॅटच्या बाटलीत चमक मारणारी पूड तळाशी बसते. नीट ढवळले नाही तर आधी ग्लॉस आणि शेवटी भुकटी फवारली जाते. अशी पांढरी झाक आलीच तर मॉडेल घासू नका. वर ग्लॉसचा पातळ हात द्या, बहुतेक वेळा ती झाक जाते. मग पुन्हा मॅट, या वेळी विरळ.

सगळा रणगाडा एकाच मॅटने झाकू नये, एवढा आमचा आग्रह. पेरिस्कोपच्या काचा, इंधनाच्या टाकीभोवतीचे डाग आणि ग्रीस शेवटच्या मॅटनंतर बारीक ब्रशने पुन्हा ग्लॉस करावेत.

पुढल्या अंकापासून मॉडेलच्या छायाचित्रासोबत तीन गोष्टी छापू: व्हार्निश कोणते, वॉशचे पातळक कोणते, आणि काम कोणत्या गावी, कोणत्या महिन्यात झाले. पाठवताना कृपया त्या लिहा. किटचे नाव विसरलात तरी चालेल, ते आम्ही ओळखू.