गृहोद्यान : हरितगृहाला जागा कोणती?

घराभोवती थोडी मोकळी जागा असली आणि बागेची हौस दोन-चार वर्षे टिकली, म्हणजे केव्हातरी मनात हरितगृहाचा विचार येतोच. म्हैसूरसारख्या गावी तर ही इच्छा सहज मूळ धरते. दसऱ्यात कुप्पण्णा उद्यानातील काचगृहात भरणारे पुष्पप्रदर्शन पाहून परतताना, आपल्याही परसात लहानसे का होईना, असे एक घर असावे, असे किती जणांना वाटत असेल! बंगळूरच्या लालबागेतील काचगृहाचा पाया १८८९ साली घातला गेला. तेव्हापासून कर्नाटकातील उद्यानप्रेमींच्या डोळ्यांपुढे हा नमुना उभा आहे.

परंतु परसातील जागा लालबागेइतकी प्रशस्त नसते. एका बाजूस घराची भिंत, दुसऱ्या बाजूस वडिलांच्या हातचा आंबा अथवा फणस, कोपऱ्यात नारळ. उरलेल्या तुकड्यावर ऊन येते ते तासा-दोन तासांपुरते. मग घरातून पहिली सूचना निघते ती झाड तोडण्याची. हरितगृह म्हणजे काच, आणि काच म्हणजे ऊन, असे समीकरण मनात बसलेले असते. आजच्या लेखाचा हेतू एवढाच आहे, की कुऱ्हाड उचलण्यापूर्वी वाचकांनी आपल्या अंगणातील सावलीची नीट ओळख करून घ्यावी.

हे समीकरण आपल्याकडे आले ते थंड देशांतील बागकामाच्या पुस्तकांतून. लंडनला २१ डिसेंबरच्या मध्यान्ही सूर्य क्षितिजापासून जेमतेम १५ अंश वर येतो. तेथे १० मीटर उंच झाडाची सावली ३७ मीटर लांब पडते. अशा ठिकाणी माळी सावलीला भितो हे योग्यच होय; त्याचे हरितगृह म्हणजे ऊब साठवण्याची पेटी. म्हैसूर मात्र विषुववृत्ताच्या उत्तरेस सुमारे १२.३ अंशांवर आहे. येथे त्याच दिवशी सूर्य ५४ अंश वर असतो आणि तेवढ्याच झाडाची सावली ७ मीटरांच्या आसपास राहते. जानेवारीतील रात्रीही तपमान साधारण १६ अंशांच्या घरात असते. हिमाचे भय नाही. भय आहे ते मार्च-एप्रिलच्या दुपारचे. बाहेर ३४-३५ अंश उष्णता असताना बंद काचघरातील हवा चाळिशी सहज ओलांडते, कारण ऊन काचेतून आत शिरते, पण तापलेल्या हवेला बाहेर पडण्यास वाट मिळत नाही. म्हणून आपल्या हरितगृहाचे काम ऊब धरण्याचे नव्हे. कडक ऊन, झोडपणारा पाऊस आणि कोरडा वारा यांपासून कोवळ्या रोपांना जपण्याचे आहे. ह्या कामी योग्य जागची सावली आपल्याला मदतच करते.

योग्य जागा म्हणजे कोणती? त्यासाठी सूर्याची चाल ध्यानात घ्यावी. म्हैसूरला २२ एप्रिलच्या सुमारास सूर्य मध्यान्ही थेट डोक्यावर येतो, आणि २० ऑगस्टच्या सुमारास पुन्हा. ह्या दोन तारखांच्या मधले चार महिने मध्यान्हीचा सूर्य उत्तरेकडे झुकलेला असतो. उरलेले आठ महिने तो दक्षिणेकडे असतो. ह्याचा परिणाम पाहा. घर ७ मीटर उंच असेल, तर डिसेंबरात मध्यान्ही त्याची सावली उत्तरेकडे ५ मीटरपर्यंत पोहोचते. मे-जूनमध्ये मात्र उत्तरेच्या त्याच जागेवर मध्यान्हीचे ऊन थेट पडते. म्हणजे घराच्या उत्तरेस लागून बांधलेले हरितगृह थंडीत अंधारे आणि उन्हाळ्यात तापलेले राहील. रोपांना हवे त्याच्या नेमके उलट! तेव्हा ही बाजू टाळावी.

झाडाची गोष्ट निराळी. परसाच्या पश्चिमेस ८ मीटर उंचीचा आंबा आहे असे समजा. त्याच्या खोडापासून पूर्वेस सुमारे ५ मीटरांवर हरितगृह असल्यास सकाळपासून मध्यान्हीपर्यंत त्यास कोवळे व मध्यम ऊन मिळेल. मार्चअखेरीस दुपारी अडीचच्या आत-बाहेर झाडाच्या शेंड्याची सावली त्याच्यावर येऊ लागेल, आणि साडेतीनच्या सुमारास ती झाडाच्या उंचीएवढी लांब होऊन बहुतेक सर्व छपरावर पसरेल. जाळीवर खर्च करून जी सावली आपण विकत घेणार, ती हे झाड फुकट देते, आणि तीही नेमक्या वेळी.

मात्र झाडाच्या पूर्वेस म्हणजे झाडाखाली नव्हे. फांद्यांच्या घेराखाली हरितगृह कधीही बांधू नये. तेथे दिवसभर उजेड अपुरा पडतो, पावसानंतर कितीतरी वेळ पाणी ठिबकत राहते, पाला साचून छपरावर शेवाळ धरते. आंब्याला मोहोर आला, की तुडतुड्यांचा चिकट स्राव खाली पडतो आणि त्यावर काळी बुरशी चढते. काच पुसता पुसता जीव मेटाकुटीस येतो. नारळाखाली तर झावळी कोसळण्याचा धोका कायमचाच. पाया खणताना मोठी मुळे तुटली, तर झाडालाही इजा होते.

सावली मोजण्यास महागडे उपकरण लागत नाही. १ मीटर लांबीची सरळ काठी नियोजित जागी उभी रोवावी. म्हैसूरच्या घड्याळात सूर्याची मध्यान्ह बाराला नव्हे, तर १२ वाजून २०-२५ मिनिटांच्या सुमारास होते. त्या वेळी काठीची सावली २१ डिसेंबरला उत्तरेकडे ७२ सेंटिमीटर पडेल, २१ जूनला दक्षिणेकडे सुमारे २० सेंटिमीटर. ह्याच प्रमाणाने भिंतीची व झाडाची मध्यान्हीची सावली काढता येते. शिवाय महिन्यातील एका रविवारी सकाळी नऊ, मध्यान्ह आणि दुपारी चार, अशा तीन वेळी सावलीच्या कडेला खुंट्या ठोकाव्यात. डिसेंबर ते जून एवढे सहा महिने पुरेत. पुढील सहा महिने सूर्य त्याच वाटेने परततो. हे काम मुलांकडे सोपवल्यास त्यांचा भूगोलही पक्का होतो.

जागा ठरल्यावर छपराचा आढा दक्षिणोत्तर ठेवावा, म्हणजे वाशांची सावली एकाच रोपावर न खिळता दिवसभर सरकत राहते. छपरातील झरोके जमिनीच्या क्षेत्रफळाच्या निदान पाचव्या हिश्शाइतके असावेत, आणि बाजूच्या भिंतीही उघडता याव्यात. भाजीची रोपे पूर्वेकडील उजेडाच्या बाजूस आणि नेचे, अँथुरियम व ऑर्किड पश्चिमेकडील सावलीच्या बाजूस ठेवावीत. मोगऱ्याला मात्र आत आणू नये. त्याला मोकळे ऊनच मानवते. म्हैसूरला वर्षाकाठी सुमारे ८०० मिलिमीटर पाऊस पडतो. १० चौरस मीटर छपरावर त्याचे सुमारे ८,००० लिटर पाणी येते. पन्हळ लावून त्यातील जमेल तेवढे साठवावे.

पुण्याकडील वाचकांनी हेच गणित थोडे बदलून वापरावे. तेथे डिसेंबरच्या मध्यान्ही १ मीटर काठीची सावली सुमारे ९० सेंटिमीटर पडते, आणि मध्यान्हीचा सूर्य उत्तरेस असतो तो मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंतच. थंडीही अधिक, म्हणून दक्षिणेकडील अडथळ्यापासून थोडे अधिक अंतर ठेवावे.

एवढे करूनही झाड आड येत असेल, तर आधी खालच्या एक-दोन फांद्या विरळ करून पाहाव्यात. कर्नाटकात १९७६ च्या वृक्षसंरक्षण कायद्यानुसार, काही अपवाद सोडता, झाड तोडण्यास वृक्षाधिकाऱ्यांची परवानगी लागते, हेही विसरू नये. परंतु कायद्याहूनही साधा हिशेब आहे. हरितगृह पंधरा दिवसांत उभे राहते. चुकले तर मोडून दुसरीकडे बांधता येते. दुपारी अडीचला सावली देणारे झाड तयार होण्यास वीस-पंचवीस वर्षे लागतात. दोहोंपैकी एकाला जागा सोडावी लागणार असेल, तर ती कोणी सोडावी, हे घरातील सर्वांनी त्या झाडाखाली बसूनच ठरवावे.