विश्लेषण : लॉयटरिंग म्युनिशन म्हणजे काय? त्याला ‘आत्मघाती ड्रोन’ म्हणणे कितपत योग्य?

‘ऑपरेशन सिंदूर’मध्ये लॉयटरिंग म्युनिशनचा वापर झाल्याचे केंद्र सरकारने मे २०२५ मध्ये सांगितले. बातम्यांत त्यासाठी ‘आत्मघाती ड्रोन’ आणि ‘कामिकाझे ड्रोन’ हे शब्दही सर्रास वापरले गेले. मात्र हे शब्द समानार्थी नाहीत.

नेमका अर्थ काय?

म्युनिशन म्हणजे दारूगोळा आणि लॉयटरिंग म्हणजे एकाच परिसरात रेंगाळणे. घार आकाशात घिरट्या घालते आणि भक्ष्य दिसताच झडप घालते, तसेच हे शस्त्र. ते हवेत फिरत राहते, कॅमेऱ्याने किंवा सेन्सरने लक्ष्य शोधते आणि त्यावर आदळून स्वतःही नष्ट होते. इस्रायली बनावटीचे ‘हारोप’ शत्रूच्या रडारमधून निघणाऱ्या लहरींचाही माग काढते.

तोफगोळा एकदा सुटला की परत बोलावता येत नाही. इथे मात्र लक्ष्याजवळ नागरिक दिसले, तर अखेरच्या टप्प्यातही हल्ला रद्द करण्याची सोय असू शकते. नागपूरच्या सोलार इंडस्ट्रीज समूहाचे ‘नागास्त्र-१’ हल्ला रद्द झाल्यास पॅराशूटने सुखरूप उतरवता येते. भारतीय लष्कराने अशा ४८० शस्त्रांची मागणी नोंदवली होती.

‘आत्मघाती’ म्हणण्यात गफलत कोणती?

दुसऱ्या महायुद्धात शत्रूच्या जहाजांवर विमानासह आदळणारे जपानी वैमानिक ‘कामिकाझे’ म्हणून ओळखले गेले. त्यात हल्ला करणारा स्वतः मरत असे. लॉयटरिंग म्युनिशन चालवणारा सैनिक मात्र कित्येक किलोमीटर दूर असतो.

शिवाय या एकाच नावाखाली वेगळी शस्त्रेही येतात. रशिया २०२२ पासून युक्रेनवर डागत असलेल्या इराणी ‘शाहेद-१३६’लाही आत्मघाती ड्रोन म्हटले जाते. त्याची मूळ आवृत्ती आधीच भरलेल्या अक्षांश-रेखांशावर जाऊन आदळते. ती लक्ष्य शोधत नाही आणि तिथे कोण आहे हेही पाहत नाही. त्या अर्थाने ती स्वस्त क्रूझ क्षेपणास्त्राच्या अधिक जवळची आहे.

हा फरक का महत्त्वाचा?

युद्धाच्या आंतरराष्ट्रीय नियमांनुसार सैनिक आणि नागरिक यांत भेद करणे बंधनकारक आहे. निवासी इमारतीवर हल्ला झाल्यास जबाबदारी ठरवताना शस्त्राचा प्रकार पाहावा लागतो. कॅमेऱ्यातून चित्र दिसत असेल, तर ते पाहूनही हल्ला का थांबवला नाही, असे विचारता येते. ठिकाण आधीच ठरलेले असेल, तर ते कोणी आणि कोणत्या माहितीवर निवडले, हा प्रश्न येतो. ‘आत्मघाती ड्रोन’ या शब्दात यंत्रच जणू स्वतःहून जाऊन आदळते. आदेश देणारा माणूस त्यात दिसत नाही.