प्रकाशाला बळ देणारी टक्कर

छातीचा फोटो काढण्यासाठी तालुक्याच्या गावी एकदाही गेला नाही, असा प्रौढ मनुष्य आमच्या खेड्यांतून आता विरळाच. थंडगार पाटाला छाती टेकावयाची, क्षणभर श्वास रोखावयाचा, की झाले काम! हे क्ष-किरण जर्मनीतील व्युर्त्सबुर्ग येथे विल्हेल्म राँटगेन ह्यांना 1895 साली सापडले. त्यानंतर यंत्रे पुष्कळ सुधारली, तथापि किरण निर्माण करण्याची मूळ रीत तीच राहिली. काचेच्या निर्वात नळीत इलेक्ट्रॉन वेगाने धातूवर आपटावयाचे. त्या आपटण्यातील शंभरातील नव्याण्णव हिश्शांहून अधिक शक्ती उष्णतेत वाया जाते. उरलेल्या अल्प हिश्शाचे क्ष-किरण होतात. तेही एका जातीचे नव्हेत, दुबळे आणि जोरकस सर्व एकत्र. दुबळे किरण फोटोच्या कामी येत नाहीत, कातडीतच जिरून शरीराला व्यर्थ उपद्रव मात्र देतात. म्हणून वाटेत ॲल्युमिनियमचा पत्रा धरून त्यांना अडवावे लागते.

ह्याहून शुद्ध क्ष-किरण देणारी यंत्रे आहेत, पण ती अवाढव्य. आमच्या इंदूरकर वाचकांना ‘इंडस-2’ हे नाव अपरिचित नसावे. तेथे इलेक्ट्रॉन ज्या कड्यातून फिरतात त्याचा परीघ 172.5 मीटर आहे. फ्रान्समधील ग्रेनोबल येथील कड्याचा परीघ तर 844 मीटर! असे यंत्र कोणत्या जिल्हा रुग्णालयाच्या आवारात मावणार? मग तसेच किरण खोलीभर जागेत मिळवता येतील काय, ह्या प्रश्नाने शास्त्रज्ञांना दीर्घकाळ पछाडले आहे. आणि त्याचे एक उत्तर टकरीच्या एका साध्या नियमात दडलेले आहे.

कॅरमच्या पाटावर स्ट्रायकर स्थिर सोंगटीवर आदळला म्हणजे सोंगटी पळते आणि स्ट्रायकरचा जोर ओसरतो. आर्थर कॉम्प्टन ह्या अमेरिकन शास्त्रज्ञाने 1923 साली दाखवून दिले की, क्ष-किरणांचेही असेच होते. ग्रॅफाइटमधील इलेक्ट्रॉनांवर आदळून बाजूला वळलेले किरण थोडे दुबळे होऊन निघत. त्यांचा वेग घटत नाही, घटते ती ऊर्जा. ह्या शोधाबद्दल त्यांना 1927 चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले.

आता हाच खेळ उलटा मांडावा. विटीदांडूत विटी हलकेच वर उडते, परंतु वेगाने आलेला दांडू तिला आपले बळ देतो आणि ती शेताच्या बांधापलीकडे जाते. इलेक्ट्रॉन जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने धावत असला आणि समोरून साधा प्रकाश आला, तर दुबळा प्रकाश बलवान होऊन परत फिरेल. लेसरचा जन्म 1960 चा. पुढे तीनच वर्षांनी अमेरिकेत मिलबर्न ह्यांनी, आणि सोव्हिएट संघात आरुत्युन्यान व तुमान्यान ह्यांनी, लेसरचा झोत अशा धावत्या इलेक्ट्रॉनांवर सोडण्याची कल्पना मांडली.

बळ किती वाढते, ते पाहण्यासारखे आहे. आगगाडी आपल्याकडे येत असता तिची शिट्टी चढ्या स्वरात ऐकू येते, हे सर्वांच्या अनुभवाचे. येथे स्वर दोनदा चढतो. धावत्या इलेक्ट्रॉनाला समोरून येणारा प्रकाश चढलेला भासतो. तो परतला की आपल्याला तो आणखी तितकाच चढलेला दिसतो. 40 दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जेच्या इलेक्ट्रॉनाच्या बाबतीत हा चढ प्रत्येक वेळी सुमारे 157 पट, म्हणजे एकूण साडेचोवीस हजार पट होतो. सव्वा इलेक्ट्रॉन-व्होल्टहूनही कमी ऊर्जेचा, डोळ्याला न दिसणारा तांबड्यापलीकडचा लेसर-प्रकाश अशा रीतीने क्ष-किरण होऊन निघतो. ‘इंडस-2’ मधील इलेक्ट्रॉनांची ऊर्जा 2,500 दशलक्ष आहे, हे ध्यानी घेतले म्हणजे यंत्र लहान का होऊ शकते ते उमगेल. शिवाय सर्वांत जोरकस किरण अगदी सरळ रेषेत निघतात. बारीक भोकाचा जाड धातूचा पडदा आड धरला की जवळजवळ एकाच जातीचे किरण निवडून घेता येतात.

अडचण एकच, पण मोठी. पाखरांचे दोन थवे समोरासमोर येऊन एकमेकांतून निघून जावेत, तसा बहुतेक प्रकाश इलेक्ट्रॉनांना न शिवताच पलीकडे जातो. म्हणून तोच प्रकाश आरशांमध्ये कोंडून पुनःपुन्हा फिरवावयाचा, इलेक्ट्रॉनांचा पुंजकाही लहानशा कड्यात फिरता ठेवावयाचा, आणि प्रत्येक फेरीत दोघांची अचूक गाठ घालावयाची. लेसरची वाट केसाएवढी ढळली तरी सारे व्यर्थ! जर्मनीत म्युनिकजवळ गार्खिंग येथे 2015 साली असे यंत्र बसले, आणि फ्रान्समधील ऑर्से येथील ‘थॉमएक्स’ने 2023 साली पहिले क्ष-किरण दिले.

इलेक्ट्रॉनांची ऊर्जा आणखी वाढवली की ह्याच टकरीतून गॅमा किरण निघतात. अमेरिकेत ड्यूक विद्यापीठात ते हवे तेवढ्या ऊर्जेचे करून घेतात. प्रत्येक जातीचे अणुकेंद्र ठराविक ऊर्जेच्याच गॅमा किरणांना साद देते. तेव्हा बंद पिंपात युरेनियम आहे की काय, हे पिंप न उघडता ओळखण्याची आशा त्यांतून निर्माण झाली आहे.

आम्हांला मात्र म्युनिकचे काम अधिक मोलाचे वाटते. क्ष-किरण मांसातून जाताना किंचित वळतात. एकसारखे किरण असले तर हे वळणेही टिपता येते, आणि साध्या फोटोत एकाच करड्या रंगाचे दिसणारे मांस व गाठ वेगवेगळी दिसू लागतात. शस्त्रक्रियेने काढलेल्या स्तनाच्या नमुन्यांवर तेथे हे प्रयोग झाले. कर्करोग लवकर दिसावा आणि शरीरात कमी किरण जावेत, हा त्यांचा हेतू. ह्यावरून उद्याच इस्पितळात हे यंत्र येईल, असे मात्र कोणी समजू नये. मोठ्या कड्यांच्या मानाने त्याचा झोत अद्याप पुष्कळच क्षीण आहे, किंमत जबर आहे, आणि त्याच्यापुढे आजवर ठेवले गेले ते मुख्यत्वे प्रयोगशाळेतील नमुने आणि उंदरांसारखे लहान प्राणी.