धुराचे निदान कोण करणार?

मोटारगाडीने सोडलेल्या धुराची तपासणी करण्याचा कायदा आपल्याकडे आहे. तपासणीची यंत्रे आहेत, पीयूसीचा दाखला देणारी केंद्रे पेट्रोल पंपांच्या कडेला उभी आहेत, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर प्रदूषणाच्या नियमभंगाबद्दल दहा हजार रुपयांपर्यंत दंडाची तरतूदही कायद्यात आहे. नाही तो फक्त एक इसम. तपासणीत नापास झालेली गाडी समोर आली असता ती का नापास झाली हे नेमके सांगून ती नीट करून देणारा कारागीर तेवढा आम्ही तयार केलेला नाही. रोगी तपासावयाचे, ताप किती आहे तो कागदावर लिहावयाचा आणि मग त्यांस रस्त्यावर सोडून द्यावयाचे, असा हा दवाखाना गेली कित्येक वर्षे चालू आहे.

नापास गाडीचे पुढे काय होते, हे वाचकांस आम्ही सांगावयास हवे असे नाही. केंद्रावरचा माणूस ‘जरा ट्यूनिंग करून आणा’ म्हणतो. कोपऱ्यावरचा मिस्त्री एअर फिल्टर झटकतो, प्लग साफ करतो, आणि गाडी दुसऱ्या दिवशी पास होते अथवा पास केली जाते. तिच्या इंजिनात जो बिघाड होता तो तसाच राहतो, आणि धूर शाळेच्या फाटकाशी उभ्या असलेल्या पोराच्या छातीत जातो.

यात त्या मिस्त्र्याला दोष देणे सोपे आहे. आम्ही तो देणार नाही. तो चौदाव्या वर्षी चहा आणणारा पोऱ्या म्हणून गॅरेजात शिरला आणि उस्तादाच्या हाताखाली, शिव्या खात, विद्या शिकला. कार्ब्युरेटरच्या काळात ती विद्या पुरी पडत असे. प्रीमिअर पद्मिनीचे इंजिन नुसते कानाने ऐकून मिश्रण जड आहे की हलके, हे सांगणारे कारागीर या शहरांत होते आणि त्यांचा कान यंत्राला हार जाणारा नव्हता. पण गाडी बदलली. १९९५ साली मुंबईसह चार महानगरांत नव्या पेट्रोल मोटारींना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आणि शिसेविरहित पेट्रोल सक्तीचे झाले. २००० साली देशभर पेट्रोलातले शिसे गेले. पुढे इंधनाचा पुरवठा संगणकाच्या हाती गेला. स्वतःचा बिघाड स्वतःच नोंदवून ठेवणारी ओबीडी ही व्यवस्था मोटारींत २०१० पासून टप्प्याटप्प्याने आली. १ एप्रिल २०२० रोजी आपण बीएस-५ चा टप्पा ओलांडून थेट बीएस-६ वर उडी घेतली; इंधनातील गंधकाची मर्यादा दशलक्ष भागांत ५० वरून १० वर आली. या प्रत्येक पायरीवर कारखानदाराला तयारीसाठी मुदत मिळाली, तेलशुद्धीकरण कंपन्यांनी अफाट पैसा ओतला, न्यायालयाने विक्रेत्यांस तारखा नेमून दिल्या. मिस्त्र्याला काय मिळाले? त्याला कोणी विचारलेदेखील नाही.

वॉरंटीच्या काळात गाडी कंपनीच्या सर्व्हिस सेंटरात जाते. तेथील कामगारांस कंपनी शिकविते. वॉरंटी संपली की बहुसंख्य मध्यमवर्गीय मालक कुर्ल्याच्या किंवा नाना पेठेच्या वाटेला लागतात. गाडी घाण धूर ओकू लागते तीही नेमकी याच वयात. म्हणजे जेथे निदानाची गरज सर्वांत अधिक, तेथेच शिक्षण सर्वांत कमी, अशी ही उलटी वाटणी आहे.

निदान म्हणजे काय, हे एका उदाहरणाने सांगतो. कन्व्हर्टरच्या आधी एक्झॉस्टच्या नळीवर ऑक्सिजन सेन्सर बसविलेला असतो. त्या सेन्सरच्या अलीकडे नळीच्या सांध्याला बारीकशी फट पडली, की धुराच्या ठोक्यांबरोबर बाहेरची हवा आत ओढली जाते. सेन्सर प्रामाणिकपणे कळवितो की प्राणवायू जास्त झाला. संगणक समजतो की मिश्रण विरळ आहे, आणि पेट्रोल वाढवितो. मिश्रण वस्तुतः ठीकच होते. आता ते जड होते, कार्बन मोनॉक्साइड वाढतो आणि गाडी नापास होते. मिस्त्री स्कॅनर जोडतो. पडद्यावर ‘मिश्रण विरळ’ अशा अर्थाचा संकेत येतो. तो सेन्सर बदलतो. गाडी पुन्हा नापास होते. मग कन्व्हर्टर बदला, असा सल्ला मिळतो, आणि मालकाच्या खिशाला मोठी कात्री लागते. एवढे होऊनही मूळ दोष, म्हणजे सांध्यातले स्वस्तातले गॅस्केट, जागच्या जागी असते.

कन्व्हर्टरची कथा तर याहून करुण आहे. तो बहुधा स्वतः रोगी नसतो, दुसऱ्याच्या रोगाचा बळी असतो. एखाद्या सिलिंडरात ठिणगी नीट पडत नसली तर न जळलेले पेट्रोल कन्व्हर्टरात जाऊन तेथे जळते, आणि त्या उष्णतेने आतली चिनी मातीची जाळी वितळते. इंजिन तेल जाळीत असेल तर तेलातल्या द्रव्यांचे पुट त्या जाळीवर चढते. अशा इंजिनाला नवा कन्व्हर्टर बसविला तर तोही काही महिन्यांत त्याच वाटेने जाणार, हे निराळे सांगावयास नको. चार वायूंचे आकडे शेजारीशेजारी ठेवून वाचता आले पाहिजेत. कार्बन मोनॉक्साइड जास्त आणि प्राणवायू कमी असेल तर एक वाट. हायड्रोकार्बन आणि प्राणवायू दोन्ही जास्त असतील तर अगदी दुसरी. हे वाचन महिन्या-दोन महिन्यांच्या नीट शिक्षणाने हुशार मिस्त्र्याला येऊ शकते. नुसता स्कॅनर विकत घेऊन ते येत नाही. स्टेथोस्कोप गळ्यात अडकविल्याने कोणी डॉक्टर होत नाही.

डिझेल गाड्यांच्या बाबतीत तर अज्ञानाचे रूपांतर उघड धंद्यात झाले आहे. बीएस-६ डिझेल मोटारीत काजळी अडविणारा फिल्टर असतो. साठलेली काजळी जाळावयास लागणारी उष्णता लांबच्या, वेगाच्या प्रवासात मिळते. शहरातल्या मैलभराच्या फेऱ्यांत मिळत नाही. फिल्टर तुंबतो, दिवा लागतो. येथे मालकाला गाडी महामार्गावर घेऊन जावयास सांगणे, किंवा काजळी इतकी का साठते याचा शोध घेणे, हा उपाय. प्रत्यक्षात फिल्टरचा गाभा काढून टाकला जातो, आणि तक्रारीचा दिवा पेटू नये म्हणून संगणकाची आज्ञावली बदलून देणारेही भेटतात. मग दाखल्याच्या वेळी हे उघडकीस येते का? बहुधा येत नाही, कारण आपली चाचणी धुराचा काळेपणा मोजते आणि फिल्टरने अडविले जाणारे अतिसूक्ष्म कण त्या मापात येतच नाहीत. नायट्रोजनच्या ऑक्साइडांची तर पीयूसीत मोजणीच नाही. नेदरलँड्स आणि जर्मनी या देशांनी २०२३ पासून डिझेल गाड्यांच्या नियतकालिक तपासणीत कण मोजण्याचे यंत्र आणले, ते याच कारणासाठी.

अमेरिकेचे नाव काढताच नाके मुरडणारे काही जण आमच्या वाचकांत आहेत; त्यांची क्षमा मागून कॅलिफोर्नियाचा दाखला देतो. तेथे ‘स्मॉग चेक’ १९८४ साली सुरू झाला. आज तेथे तपासणाऱ्याचा परवाना निराळा आणि दुरुस्त करणाऱ्याचा निराळा आहे. दुसरा मिळवावयाचा तर निदानाचे ज्ञान सिद्ध करावे लागते. ज्याची ऐपत नाही अशा मालकाला दुरुस्तीसाठी सरकारी साहाय्यही मिळते. एवढे थोर राज्य आम्हांस नको. पण नापास गाडी कोणाकडे न्यावयाची, याचे उत्तर सरकारने तयार ठेवावे, एवढी अक्कल तेथून घेण्यास हरकत कोणती?

औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत मोटार मेकॅनिकचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम आहे, त्यात प्रदूषण-नियंत्रणाचा भागही आहे, असे उत्तर मंत्रालयातून येईल. ते खरे आहे, आणि अपुरे आहे. तो अभ्यासक्रम उद्याच्या पोरासाठी आहे. आज ज्याच्या हाताखालून रोज गाड्या जातात त्या चाळिशीच्या मिस्त्र्याला दोन वर्षे दुकान बंद ठेवून वर्गात बसता येत नाही. त्याच्यासाठी रात्रीचे वर्ग हवेत, मराठीत आणि हिंदीत हवेत, आणि फळ्यापेक्षा चालत्या इंजिनावर हवेत. मुद्दाम बिघाड करून ठेवलेली गाडी द्यावी आणि ‘शोध’ म्हणावे, परीक्षा हीच. तीत उतरेल त्याच्या दुकानावर शासनाची पाटी लागावी, आणि पीयूसी केंद्राने नापास गाडीच्या हाती नुसता नकार न देता सगळे आकडे लिहिलेला कागद देऊन अशा दुकानांची यादी दाखवावी.

दुसरी गोष्ट कंपन्यांची. भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४ मध्ये १४ मोटार कंपन्यांस मिळून अडीच हजार कोटी रुपयांहून अधिक दंड ठोठावला. सुटे भाग आणि निदानाची साधने बाहेरच्या गॅरेजांस मिळू न देणे, हा त्यांच्यावरील ठपक्याचा गाभा होता. कंपन्या अपिलात गेल्या; ते त्यांचे हक्काचे काम. पण गाडीच्या आतील माहिती कुलपात ठेवावयाची आणि मिस्त्री अडाणी म्हणून हसावयाचे, या दोन गोष्टी एकाच तोंडाने शोभत नाहीत.

विजेच्या गाड्या येत असता हा खटाटोप कशाला, असे विचारणारे भेटतात. आज विकली गेलेली पेट्रोल गाडी पंधरा वर्षे तरी रस्त्यावर राहणार आहे, हा झाला व्यवहार. आणि मीटर लावून, नोंदी वाचून, क्रमाक्रमाने दोषापर्यंत पोहोचण्याची जी सवय येथे लागेल, ती विजेच्या गाडीलाही लागणारच आहे.

राहिला पैशाचा प्रश्न. महाराष्ट्र शासन १५ वर्षांहून जुन्या खाजगी गाड्यांवर पर्यावरण कर घेते. ज्या गाड्यांकडून हा पैसा येतो त्या नीट करणाऱ्या हातांवर त्यातला काही भाग खर्च करावा, ही मागणी अवाजवी आहे असे अर्थखात्यालाही म्हणता येणार नाही. परिवहन आणि कौशल्य विकास या दोन खात्यांनी एकमेकांकडे बोट न दाखविता एकत्र बसावे, आणि पहिला वर्ग कुर्ल्यात आणि नाना पेठेत, गॅरेजांची कामे आटोपल्यावर, रात्री आठ वाजता भरवावा.