थेंबापाशी थांबताना

निवृत्तीनंतर मला फुला-किड्यांचे अगदी जवळून फोटो काढण्याचा, म्हणजे मॅक्रो फोटोग्राफीचा नाद लागला. कुणीतरी युक्ती सांगितली, किडा थोडा वेळ फ्रिजमध्ये ठेवा, हलत नाही. मी एक नाकतोडा डबीत घालून ठेवला. मग जास्वंदीवर बसवून बाटलीने पाणी फवारले. फोटो झकास आला. सगळ्यांनी वाहवा केली. नातीने मात्र विचारले, "आजोबा, तो मग उडाला का?"

तो उडाला नव्हता.

तेव्हापासून मी उजाडताच बागेत जातो. रात्रीच्या गारव्याने कीटक ऊन येईपर्यंत आपणहून स्तब्ध असतात. पंखांवर खरे दव असते. मग फ्रिज हवा कशाला? मूळ आकाराएवढी प्रतिमा घेताना एफ-१६ इतके बारीक छिद्र ठेवले, तरी जेमतेम २ मिलिमीटर खोलीपुरतेच स्पष्ट दिसते. वाऱ्याची झुळूक आली की संपले! बहुतेक फोटो फुकट जातात. जाऊ देत. छंद आपला आहे, त्याची किंमत किड्याने का मोजावी? हल्ली नातही शेजारी उकिडवी बसते. तगरीवरचा चतुर ऊन लागताच पंख थरथरवतो आणि उडतो. तेवढे पाहूनच आम्ही चहाला घरात येतो.