जोड म्हणजे संधि नव्हे

परभणीकडील घराघरांतून हल्लीं संगणकाची भाषा शिकणारीं नातवंडें दिसूं लागलीं आहेत. त्यांच्या आरंभींच्या पाठांतच एक क्रिया येते : एका शब्दमालेच्या, म्हणजे स्ट्रिंगच्या, शेवटीं दुसरा मजकूर जोडणें. वडील मंडळींस वाटतें, यांत शिकावयाचें तें काय? परंतु ही क्रिया आम्हांस आपल्या व्याकरणाइतकीच सूक्ष्म वाटली. म्हणून हे चार शब्द.

प्रथम हें ध्यानांत घ्यावें कीं, यंत्रास संधि ठाऊक नाहीं. 'परम' आणि 'ईश्वर' मिळून आपण 'परमेश्वर' म्हणतों. यंत्र 'परमईश्वर' लिहून मोकळें होतें. नांव व आडनांव यांमधील मोकळी जागादेखील सांगितल्यावांचून तें सोडीत नाहीं.

दुसरा प्रश्न जागेचा. डेनिस रिची यांनीं अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत सन १९७२ च्या सुमारास 'सी' भाषा रचिली. आपलें परभणीचें कृषि विद्यापीठही १९७२ चेंच. या भाषेंतील आज्ञावली आधीं समग्र यंत्रभाषेंत उतरवून मग चालवितात, आणि शब्दमालेस किती जागा द्यावयाची याची चिंता लिहिणारानेंच वाहावयाची असते. समजा, आडनांवासाठीं २० बाइट जागा राखली. 'गंगाखेडकर' हें इंग्रजी लिपींत १२ अक्षरांचें. शेवट दाखविणारें शून्य धरून १३ बाइटांत बसतें. देवनागरींत मात्र अनुस्वार व मात्रा धरून ९ चिन्हें होतात, आणि रूढ यूटीएफ-८ पद्धतींत प्रत्येकास ३ बाइट लागतात. म्हणजे २७, आणि शून्यासह २८.

आतां मोजमाप न करतां जोडलें, तर उरलेला मजकूर शेजारच्या जागेंत घुसून तेथील मजकूर पुसतो. सन १९८८ मध्यें हजारों यंत्रांस उपद्रव देणाऱ्या 'मॉरिस' कृमीच्या शिरकावाच्या वाटांपैकीं एक अशीच होती : राखल्या जागेहून अधिक मजकूर भरणें. बरें, जागा संपतांच मजकूर तोडला, तर 'गंगाखे' एवढेंच उरतें व पुढें एक अर्धवट चिन्ह लोंबतें. प्रमाणपत्रावर असें नांव उमटलें म्हणजे मुलाला कचेऱ्यांचे किती उंबरठे झिजवावे लागतील, हें वाचकांस सांगावयास नको.

तिसरा प्रश्न श्रमांचा. सन १९९५ मध्यें प्रकट झालेल्या 'जावा' भाषेंत शब्दमाला अविकारी असते. जोड दिली कीं नवीच तयार होते. पोथींत एक ओळ वाढवावयाची म्हणून सारी पोथी पुन्हां उतरवावी, तसा हा प्रकार. एकेक करून १०० ओळी जोडल्या, तर लेखन ५०५० ओळींचें होतें! म्हणून २००४ सालीं त्या भाषेंत 'स्ट्रिंगबिल्डर' नांवाचें साधन आलें. तें कांहीं जागा आगाऊ राखतें, आणि ती भरली म्हणजे सुमारें दुप्पट जागा घेतें. त्यामुळें वारंवार नक्कल करावी लागत नाहीं.

हें सर्व नातवंडांनीं शिकावेंच. पण आजोबांनींही स्वस्थ बसूं नये. मुलानें आज्ञावली दाखविली म्हणजे दोनच गोष्टी विचाराव्या : जोडण्यापूर्वीं जागा मोजलीस काय? आणि इंग्रजी नांवावर न थांबतां आपलें आडनांव देवनागरींत घालून पाहिलेंस काय?